शुक्राणू शून्य, आणि कुणी न विचारलेला प्रश्न: सोलापुरातील एक प्रकरण

मी सोलापुरातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात समुपदेशनाचं काम करते. खालचं प्रकरण आमच्याकडे आलेल्या एका जोडप्याचं आहे. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि दोघांच्या संमतीनेच हे लिहिते आहे. मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू केलेल्या, किंवा करायचा विचार असलेल्या जोडप्यांनी ते वाचावं, आणि नवऱ्यांनी आवर्जून वाचावं.

पार्श्वभूमी

रेश्मा २९ वर्षांची, महेश ३३. लग्नाला पाच वर्षं झालेली. पहिलं दीड वर्ष दोघांनी ठरवून मूल लांबवलं, त्यानंतर साडेतीन वर्षं वाट पाहण्यात गेली. रेश्मा शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते. महेश अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं.

महेश घरात कौतुकाचा. तोंडात मावा नाही, गुटखा नाही, दारूला हात लावत नाही. पहाटे पाचला उठून जिमला जातो, घरी अंडी आणि पावडरचं दूध पितो. आपल्याकडे तालमीत घुमणाऱ्या पोराला पेठेत मान असतो, तसाच त्याला होता. त्यामुळे गोड बातमी येईना तेव्हा त्याच्याकडे कुणाची नजरच गेली नाही. 'एवढा धट्टाकट्टा गडी, त्याच्यात काय दोष असणार?' हे घरात कुणी बोलून दाखवलं नसेल, पण सगळे तसंच वागत होते.

मग सगळं रेश्मावर आलं. सोनोग्राफी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच झालं. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहायची एचएसजी, म्हणजे औषध सोडून काढायचा एक्स-रेही झाला. त्या दिवशी पोटात असे पेटके आले की घरी येताना रिक्षात तिला सरळ बसवेना. रिपोर्ट सगळे चांगले. पाळी २८ ते ३० दिवसांनी, चुकायची नाही. तरीही सात-आठ महिने अंडं वाढवून फुटायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या आणि दिवसाआड फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, पाहायची सोनोग्राफी चालू राहिली. दर खेपेला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडायची. ज्या बाईचं अंडं आपसूक, वेळेवर फुटतंय, तिला या गोळ्या घेऊन घरीच प्रयत्न करण्याने फारसा फायदा होत नाही. एएमएचबद्दलही एक सांगते, कारण त्या एका आकड्याने बायका रात्र-रात्र झोपत नाहीत. अंडाशयात अंड्यांचा साठा साधारण किती आहे, एवढंच तो सांगतो. तुम्हाला नैसर्गिकरीत्या दिवस जातील की नाही, हे त्यावरून कळत नाही.

घरातलं वेगळंच चाललं होतं. रूपाभवानीला ओटी भरून झाली, गुरुवारचे उपास झाले. जाऊबाईंच्या बहिणीच्या डोहाळजेवणात रेश्मा ओटी भरायला पुढे झाली, तेव्हा एका बाईने 'राहू दे, तू नंतर भर' म्हणून तिला मागे सारलं. तेव्हापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही ती जाईनाशी झाली.

अडचण

पहिल्या डॉक्टरांच्या पहिल्याच कागदावर, रेश्माच्या तपासण्यांच्या खाली, एक ओळ होती: पतीची वीर्य तपासणी. ती ओळ दोन वर्षांहून जास्त काळ तशीच पडून राहिली. 'मला काय धाड भरलीय' हे महेशचं उत्तर होतं, आणि पुन्हा कुणी धरून बसलं नाही.

या तपासणीला काही शे रुपये लागतात. सुई नाही, भूल नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे आणि नमुना लॅबमध्येच द्यायचा. घरून आणायचा तर अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात पोचवायचा. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर असतं. असं असताना बाईची एचएसजी आधी आणि पुरुषाचा नमुना शेवटी, हा क्रम मला अजूनही सहन होत नाही.

शेवटी रेश्माची दुर्बिणीतून तपासणी करायची वेळ आली, तेव्हा एका डॉक्टरांनी महेशच्या रिपोर्टशिवाय पुढे जायला नकार दिला. रिपोर्ट आला: शुक्राणू निल. त्या एकाच रिपोर्टवर दुसऱ्या एका ठिकाणी दोघांना सांगण्यात आलं की आता दात्याचे शुक्राणू घ्या, नाहीतर सुईने शुक्राणू काढून टेस्ट ट्यूब बेबी करा. दीड लाखाच्या आसपास खर्च, त्यातले निम्मे आधी. रेश्माने कारखान्यातल्या बायकांच्या भिशीचा नंबर आधी मागून घेतला. महेश आठवडाभर घरात कुणाशी बोलला नाही. रात्रपाळी नसतानाही कारखान्यात थांबायला लागला.

या अवस्थेत, दुसरं मत घ्यायला म्हणून, ते आमच्याकडे आले.

पहिला निर्णय: एका रिपोर्टवर थांबायचं नाही

रेश्माची फाइल दोन बोटं जाड. महेशचे कागद दोन: एक हा निलचा रिपोर्ट, आणि दुसरा वर्षापूर्वी ताप आला तेव्हाचा रक्ताचा रिपोर्ट, फाइलमध्ये चुकून राहिलेला. आमच्या डॉक्टरांचं बोट त्या दुसऱ्या कागदावर थांबलं. हिमोग्लोबिन १८.४. पुरुषासाठीसुद्धा हे जास्त आहे. त्या वेळी कुणी काही म्हटलं नव्हतं. रक्त भरपूर आहे म्हणून घरचे उलट खूश झाले होते.

वीर्य तपासणी पुन्हा केली. शुक्राणू दिसले नाहीत तर नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ तपासावा लागतो, मगच शून्य म्हणता येतं. गाळातही काही नव्हतं. मग शारीरिक तपासणी. वृषणांचा आकार मोजायला लंबगोल मण्यांची एक माळ असते, एक मिलिलिटरच्या मण्यापासून पंचवीसच्या मण्यापर्यंत. डॉक्टर एका हाताने वृषण आणि दुसऱ्या हाताने मणी चाचपून कोणता जुळतो ते पाहतात. महेशची उंची, खांदे, दंड पाहता पंधरा-वीसचा मणी जुळायला हवा होता. जुळला दहाचा. पाठीवर आणि खांद्यांवर मुरमांचे लाल डाग होते.

शुक्राणू शून्य असण्याची कारणं ढोबळमानाने तीन प्रकारची. एक, शुक्राणू तयार होतात पण वाट बंद असते. अशा वेळी एफएसएच, म्हणजे वृषणांना कामाचा हुकूम देणारं हार्मोन, आणि वृषणांचा आकार बहुधा नेहमीसारखा असतो. दोन, वृषणातच बिघाड असतो. मग मेंदू जास्त जोर लावतो आणि एफएसएच चढलेलं दिसतं. तीन, वृषण ठीक असतं, पण मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून हुकूमच येत नाही. मग एफएसएच आणि हुकमाचंच दुसरं हार्मोन एलएच, दोन्ही खाली असतात. हा तिसरा प्रकार कमी आढळतो, पण औषधाने सुधारण्याची शक्यता सर्वांत जास्त त्यातच असते. म्हणूनच ही रक्ततपासणी न करता पुढचा उपचार ठरवणं चुकीचं.

महेशचं एफएसएच ०.४ आणि एलएच ०.२ आलं. पुरुषांत दोन्ही साधारण दीड-दोनच्या वर असतात. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, मात्र मोजणीच्या वरच्या टोकाला. प्रोलॅक्टिन ठीक होतं. हुकूम बंद, आणि रक्तात टेस्टोस्टेरॉनचा पूर. मग ते येतं कुठून?

दुसरा निर्णय: एकट्याशी बोलणं

आमच्याकडे प्रत्येक जोडप्याशी एकदा एकत्र आणि एकदा वेगवेगळं बोलायची पद्धत आहे. २०२१च्या कायद्याने अशा केंद्रांना समुपदेशन देणं बंधनकारक केलं आहे, पण वेगवेगळं बोलणं हा आमचा आग्रह. महेशला मी व्यसनांबद्दल काही विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर पाठ होतं. मी विचारलं, "जिममध्ये पावडरीबरोबर आणखी काय देतात? गोळी, इंजेक्शन, काहीही. नाव माहीत नसलं तरी चालेल."

त्याने मोबाइल काढला आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला. मग ट्रेनरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला एक फोटो दाखवला. दोन काचेच्या बाटल्या: एक टेस्टोस्टेरॉन, एक नँड्रोलोन, म्हणजे त्याच जातीचं स्टेरॉइड. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारी औषधं. लग्नाआधीपासून वर्षातून दोन-तीन 'कोर्स' चालले होते, मध्ये थोडा खंड पडायचा. शिवजयंतीच्या आधीचा कोर्स ठरलेला. सुई कधी नवी, कधी कुणाची तरी. "मॅडम, त्यानं तर ताकद वाढते म्हणले. पुरुषाचंच हार्मोन आहे म्हणले."

त्याला मी आपल्या टाकीचं उदाहरण दिलं. सोलापुरात तेव्हा पाणी काही दिवसांआड यायचं, त्यामुळे टाकी आणि टँकर सगळ्यांना माहीत. टाकीत बाहेरून टँकरचं पाणी ओतलं की बॉल वर येतो आणि नळाचं पाणी बंद होतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे. तो वृषणांना हुकूम देणं थांबवतो. वृषणाच्या आत जे टेस्टोस्टेरॉन तयार होतं, ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं, आणि शुक्राणू घडायला तेच लागतं. ते आटलं की रक्तात कितीही पूर असला तरी शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या सुमारास टेस्टोस्टेरॉनची आठवड्याची इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली होती. महेश नकळत अनेक वर्षं गर्भनिरोधक घेत होता. हे ऐकून तो टेबलाची कड धरून बसून राहिला. नंतर म्हणाला, "आणि तिला ती ट्यूबची टेस्ट करायला लावली."

त्याचा पुढचा प्रश्न: "तिला सांगावं लागंल का?"

हे प्रकरणातलं सर्वांत अवघड वळण. त्याने मला विश्वासात घेऊन सांगितलेलं मी त्याच्या परवानगीशिवाय रेश्माला सांगू शकत नव्हते. पण कारण लपवून दोघांचा मिळून उपचार ठरवणं म्हणजे रेश्माला पुन्हा अंधारात ठेवून तिच्याच शरीरावर प्रयोग करणं. मी त्याला तसंच सांगितलं: "मी सांगणार नाही. पण तुम्ही सांगेपर्यंत उपचाराची चर्चाही करता येणार नाही." मुदत दिली नाही, पुढची तारीख दिली. आणि त्याला हवं असेल तर आमच्या खोलीत, माझ्यासमोर सांगायची सोय ठेवली.

त्याने घरीच सांगितलं. पुढच्या भेटीला रेश्माचे डोळे सुजलेले होते. ती मला म्हणाली, "राग इंजेक्शनचा नाही आला मॅडम. तिथं मला ओटी भरू दिली नाही, तेव्हा हे गप बसले होते, त्याचा आला."

पर्याय काय होते

पहिला पर्याय दात्याच्या शुक्राणूंचा. नोंदणीकृत बँकेतून, दोघांच्या लेखी संमतीने. कायद्याने ते मूल त्या जोडप्याचंच. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी हा मानाचा मार्ग आहे, त्यात कमीपणा काही नाही. इथे गरज आहे की नाही हेच ठरलेलं नव्हतं.

दुसरा, वृषणातून सुईने शुक्राणू काढून इक्सी, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू थेट अंड्यात सोडायची टेस्ट ट्यूबची पद्धत. पण उत्पादनच बंद पडलेल्या वृषणातून काढणार काय? काही न मिळण्याची शक्यता मोठी. शिवाय रेश्माला दहा-बारा दिवस इंजेक्शनं, अंडी काढण्याची भूल आणि भिशीसकट सगळी जमा त्यात जाणार.

तिसरा, इंजेक्शनं बंद करून थांबणं. शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणजे पहिला फरक दिसायलाच तीन महिने. गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉन दिलेल्या निरोगी पुरुषांच्या अभ्यासांत, औषध थांबवल्यावर दर मिलिलिटरला दोन कोटींपर्यंत परतणारे सहा महिन्यांत ६७ टक्के, वर्षात ९० टक्के आणि दोन वर्षांत जवळजवळ सगळे होते. पण त्यांचे डोस मोजलेले होते. जिममधले डोस मोठे, वर्षानुवर्षांचे आणि बाटलीत नक्की काय आहे याचीही खात्री नाही. त्यामुळे तेच आकडे महेशला लागू होतील असं वचन डॉक्टरांनी दिलं नाही.

चौथा, थांबण्याबरोबर वृषणांना जागं करणारी औषधं, एचसीजी आणि क्लोमिफेन.

रेश्माचं वय ३५च्या आत आणि तिचे रिपोर्ट चांगले, म्हणून वाट पाहायला वेळ होता. ती ३७ची असती तर याच कागदांवर मी वेगळी चर्चा केली असती. तिसऱ्या पर्यायाने सुरुवात करायची, तीन महिन्यांनी हार्मोन पाहून चौथा ठरवायचा, असं दोघांनी मिळून ठरवलं. रेश्माच्या गोळ्या आणि सोनोग्राफी त्याच दिवशी बंद झाल्या. सुया वाटून घेतल्या होत्या म्हणून महेशच्या एचआयव्ही आणि बी, सी काविळीच्या तपासण्या केल्या. सगळ्या निगेटिव्ह आल्या. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी हिमोग्लोबिन वाढून रक्त घट्ट झालं होतं, तेही काही महिन्यांत खाली आलं.

मधला काळ

बंद करणं हा एका दिवसाचा निर्णय. निभावणं महिन्यांचं. बाहेरचं टेस्टोस्टेरॉन संपलेलं आणि आतलं अजून सुरू न झालेलं, अशा मधल्या काळात माणूस गळून जातो. दुसऱ्या महिन्यात महेशला पायऱ्या चढताना थकवा यायला लागला. चिडचिड, झोप नाही, इच्छा नाही. दंड उतरायला लागले तसं जिममधली पोरं विचारायला लागली. ट्रेनरने 'एक छोटा डोस घे, काही होत नाही' म्हणून सांगितलं. एका संध्याकाळी त्याचा फोन आला: "एकच घेतलं तर काय होईल?" मी त्याला तेव्हाच डॉक्टरांशी जोडून दिलं, कारण या प्रश्नाचं उत्तर समुपदेशनाने एकट्याने द्यायचं नसतं. एका डोसनेही हुकूम पुन्हा बंद पडतो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. हा थकवा जातो, हेही सांगितलं.

तीन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन १४० आलं. साधारण ३००च्या वर हवं. एलएच जेमतेम हललेलं. मग हार्मोनतज्ज्ञांच्या देखरेखीखाली एचसीजीची इंजेक्शनं सुरू झाली, पुढे क्लोमिफेन. 'पुन्हा इंजेक्शन?' म्हणून महेश आधी बिचकला. एचसीजी एलएचसारखं काम करतं, वृषणाला स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं, हा फरक समजल्यावर तयार झाला. ही औषधं कुणी हे वाचून जिमच्या सल्ल्याने घेऊ नयेत. कधी, किती आणि कोणत्या क्रमाने, हे रक्ताच्या रिपोर्टवर ठरतं.

घरातला भाग रेश्माने हाताळला. सासूबाईंना तिने काही सांगितलं नाही. महेशने स्वतः, एका रविवारी जेवताना, भावासमोर सांगितलं की कारण माझ्यात आहे आणि उपचार माझ्यावर चालू आहेत. इंजेक्शनांचा उल्लेख त्याने केला नाही, आणि तेवढी खासगी गोष्ट स्वतःकडे ठेवायचा त्याला हक्क होता. रेश्मा म्हणाली की त्या दिवसापासून घरातल्या बायकांनी तिला सल्ले देणं थांबवलं.

निष्पत्ती

थांबवल्यापासून चौथ्या महिन्यात गाळात मोजके, न हलणारे शुक्राणू दिसले. सातव्या महिन्यात मिलिलिटरला ३० लाख. तेव्हा एक नमुना गोठवून ठेवला, पुढे गरज पडली तर हाताशी असावा म्हणून. दहाव्या महिन्यात १ कोटी ४० लाख, पुढे सरकणारे २९ टक्के.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आणि ३० टक्के अशी आहे. महेश रिपोर्ट घेऊन आला तो पडलेल्या चेहऱ्याने, 'अजून नापासच आहे' म्हणत. ही मर्यादा पास-नापासची नाही. वर्षाच्या आत ज्यांच्या बायकांना दिवस गेले अशा पुरुषांपैकी पाच टक्के या आकड्याच्या खालीच होते.

तीन महिने घरीच प्रयत्न झाले, यश आलं नाही. मग आययूआय, म्हणजे धुतलेले शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं. पहिल्याला पाळी आली. दुसऱ्या आययूआयनंतर रेश्माची चाचणी पॉझिटिव्ह आली. सातव्या आठवड्यात ठोके दिसले, पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. टेस्ट ट्यूबची गरज पडली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या भेटीत दोघांच्या तपासण्या एकाच आठवड्यात व्हायला हव्या होत्या. महेश तयार नव्हता, हे खरं. पण 'नवऱ्याचा रिपोर्ट आल्यावर बाईच्या गोळ्या सुरू करू' एवढं एक वाक्य डॉक्टरांनी धरून ठेवलं असतं, तरी दोन वर्षं आणि एचएसजीचा त्रास वाचला असता. आम्ही आता हेच वाक्य पहिल्या भेटीत सांगतो.

हिमोग्लोबिनचा रिपोर्ट वर्षभर आधी हातात होता. व्यायाम करणाऱ्या तरुणात ते १८च्या वर दिसलं, तर तापाच्या डॉक्टरांनीही एक प्रश्न विचारावा.

आमच्या माहितीच्या फॉर्मवर 'व्यसन: तंबाखू / मद्य / इतर' असा रकाना होता. त्यावर महेशने प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं असतं आणि ते खोटं नसतं. आता खाली वेगळी ओळ आहे: जिममधली पावडर, गोळी, इंजेक्शन, ताकदीसाठी घेतलेलं कोणतंही औषध, कधीपासून, शेवटचं कधी. पहिल्या भेटीत उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या भेटीत, एकट्याला, पुन्हा विचारतो.

एका बाबतीत माझं मन अजून दोन बाजूंना जातं: एचसीजी तीन महिने न थांबता आधीच सुरू करायला हवं होतं का? काही तज्ज्ञ थांबवल्याबरोबर देतात, काही शरीराला आधी संधी देतात. दुसऱ्या महिन्यातला तो फोन आठवला की वाटतं, त्या पडत्या काळात आधार लवकर मिळाला असता तर बरं झालं असतं. निदान तो काळ येणार आहे हे पहिल्याच दिवशी दोघांना, तारखांसकट, लिहून द्यायला हवं. तसा एक कागद आता आम्ही देतो आणि दुसऱ्या महिन्यात आपणहून फोन करतो.

महेश अजून जिमला जातो. दंड पूर्वीइतके नाहीत. दुसऱ्या मुलाचा विचार होईल तेव्हा वीर्य तपासणी त्याची आधी करायची, असं दोघांचं ठरलं आहे.